वहाणनिर्णयसिंधू

कमलाकरभट्टांनी १६१२ साली काशीत ‘निर्णयसिंधू’ लिहून पुरा केला. घराणं मूळचं पैठणचं. तेव्हा प्रश्न समोर आला की त्याचा निकाल लावल्याशिवाय उठायचं नाही, ही सवय घरातूनच आलेली. एकादशी दोन दिवस आली तर उपास कोणत्या दिवशी धरावा, श्राद्ध आणि ग्रहण एकाच दिवशी आलं तर काय करावं, एका सुतकात दुसरं पडलं तर कोणत्यानं कोणतं फिटतं, सगळ्याचे निर्णय त्यात आहेत. पुढं १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यांनी ‘धर्मसिंधू’ रचला आणि ज्यांना पहिला सिंधू फार खोल वाटत होता त्यांची सोय केली. विसाव्या शतकात महामहोपाध्याय पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड लिहिले, साडेसहा हजारांच्या आसपास पानं भरली आणि १९६३ साली भारतरत्नही मिळवलं. एवढं सगळं झालं. तरी गिझर दुरुस्त करायला आलेल्या माणसानं बूट दाराबाहेर काढावेत की घालूनच आत यावं, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिन्यावर आजही तसाच ताटकळत उभा आहे.

ती उणीव भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न. मीमांसकांच्या शिस्तीत प्रत्येक अधिकरणाची पाच अंगं असतात: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. आम्ही पाचही अंगं सांभाळू. मात्र ती ठरल्या वेळी येतील याची हमी देत नाही. वायरमन तरी कुठं देतो.

आधी विषय आखून घेऊ. पाहुणा इथं अभिप्रेत नाही. पाहुण्यांच्या चपलांचं शास्त्र वेगळं आहे आणि १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आल्यापासून आपल्याकडच्या करवल्याही मांडवात त्याची प्रात्यक्षिकं करू लागल्या आहेत. मोलकरीणही या विषयात येत नाही, कारण तिच्या चपलेबद्दल संशयच नाही. ती शू-रॅकपासून दोन हात लांब, जिन्याच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून असते. आणि जिथं संशय नाही तिथं शास्त्राची गरज नाही. प्राप्तिकर खात्याचे अधिकारी वगळले आहेत. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १३२ मध्ये किल्ली मिळाली नाही तर दाराचं, पेटीचं, तिजोरीचं, कपाटाचं कुलूप तोडण्याचा अधिकार दिला होता. बुटांविषयी ते कलम काही बोललं नाही, आणि त्या दिवशी यजमानही बोलत नाहीत. अग्निशमन दलाचे जवानही वगळावे लागतात. ते खिडकीतून येतात आणि खिडकीबाहेर शू-रॅक ठेवण्याची पद्धत अजून पडलेली नाही.

उरले ते असे: डॉक्टर, वायरमन, प्लंबर, सुतार, एसीवाला, पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा मेकॅनिक, गॅसवाला, विमा एजंट, गाण्याचे मास्तर, फिजिओ, इंटिरियर डिझायनर आणि भटजी. या सगळ्यांत साम्य एवढंच, की त्यांना आपण बोलावतो किंवा येऊ देतो, ते आपल्याच घरात काम करतात, आणि जाताना पैसे किंवा सही घेऊन जातात.

आता संशय. दार उघडतं. उंबऱ्याच्या अलीकडे खांद्याला बॅग लावलेला माणूस, पलीकडे यजमान. यजमानांची नजर त्याच्या तोंडावर जेमतेम टेकते आणि खाली पायांवर जाऊन बसते. माणूस ती नजर ओळखतो आणि वाकतो. तो पुरता वाकल्यावर यजमान म्हणतात, “असू द्या हो, असू द्या!”

या विषयातलं सर्वांत दुर्बोध वचन हेच. त्याचे निदान तीन पाठ आढळतात. पहिला आखूड, पाठ फिरवता फिरवता उच्चारलेला. तो खरा. वरच्या मजल्यावरचं पाणी छतातून गळत असताना आणि खाली परात, बादली, कुकरचं भांडं अशी ओळीनं मांडामांड झालेली असतानाच तो ऐकू येतो. दुसरा लांबट: “असूऽ द्या होऽ.” हा नाकारण्यासाठीच असतो. यावर समोरच्यानं “नाही नाही, काढतो ना” असं म्हणत बूट काढायचे असतात, आणि ते निघेपर्यंत यजमानांनी “कशाला उगाच” एवढं पालुपद चालू ठेवायचं असतं. तिसरा पाठ पुणे परिसरात विशेष प्रचलित आहे. तो संवादरूप आहे.

“काढू का काकू?”

“राहू दे रे बाळा. आत्ताच फरशी पुसून झालीय, पण राहू दे. मावशी उद्या येतीलच पुन्हा.”

यावर बाळ बूट काढतो, मोजे काढतो आणि बॅगही बाहेरच ठेवावी की काय या विचारात क्षणभर घुटमळतो. उत्तर प्रदेशातून कामाला आलेला सुतार इतर मराठी शिकायच्या आधी हे तीन पाठ शिकतो. व्याकरण मागाहून येतं.

बूट काढायचं ठरलं तरी ते काढायचे कुठं उभं राहून, हा आणखी एक घोळ. आपल्या फ्लॅटच्या दारात बसायला जागा नसते. जपानी घराच्या दारात खालच्या पातळीचा एक खास चौक असतो, तिथं पायातलं उतरवून वर चढायचं. आपल्याकडे एक हात चौकटीला, एक हात टाचेत, खांद्यावरची बॅग घसरत घसरत कोपरापर्यंत आलेली आणि सेफ्टी डोअर अर्धवट उघडं. या आसनाला योगशास्त्रात नाव नाही, पण त्यात प्रावीण्य मिळवलेले लोक पुष्कळ आहेत.

जुन्या घरात हा संशय पडतच नसे. ओटा, पडवी, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर अशी घराची चढती भाजणी होती, आणि कोणी कुठवर यायचं हे बांधकामातच लिहिलेलं होतं. कासार बांगड्या भरायला पडवीत बसे, शिंपी माप घ्यायला ओसरीवर येई, न्हावी अंगणातच धोपटी सोडी. आत जाऊन दुरुस्त करावं असं घरात काही नव्हतंच. जात्याला टाकी लावायची झाली तर जातंच उचलून अंगणात येई. मग पडवी गेली, ओसरी गेली, वन बीएचकेचं दार थेट सोफ्यावर उघडू लागलं. आणि नेमक्या बिघडणाऱ्या वस्तू माजघराच्याही पलीकडे जाऊन बसल्या. पाण्याचं यंत्र स्वयंपाकघरात, बऱ्याचदा देव्हाऱ्याला खेटून. गिझर न्हाणीघरात. एसी तर बेडरूममध्ये, जिथं पूर्वी सख्खा मामाही पाऊल टाकत नसे. तेव्हा आमच्या मते या प्रश्नाचं मूळ पायात नाही, पाडलेल्या पडवीत आहे. पण बिल्डरांना हे सांगून उपयोग नाही. ते पडवीचेही चौरस फूट लावतील.

आता पूर्वपक्ष. तो म्हणतो, बूट काढलेच पाहिजेत, कारण शास्त्र तसं सांगतं. शास्त्र काय सांगतं ते पाहू. पारस्कर गृह्यसूत्रात घरी आल्यावर अर्घ्य देऊन ज्यांचा सत्कार करायचा असे सहा जण सांगितले आहेत: आचार्य, ऋत्विज, नवरदेव, राजा, प्रिय मित्र आणि स्नातक. यातले पहिले दोघं सरळसरळ आमच्या विषयातले आहेत. बोलावल्यावर येतात, आपल्याच घरात काम करतात, दक्षिणा घेतात आणि पुढच्या घरी जातात. अशा माणसाला आसन द्यावं, पाय धुवायला पाणी द्यावं आणि दही, मध, तूप कालवून मधुपर्क द्यावा, अशी आज्ञा आहे. पाय धुवायचे म्हटल्यावर पायातलं आधी काढलेलं असणार, हे अर्थापत्तीनं सिद्ध होतं. षोडशोपचारांतही आवाहन आणि आसन यांच्या पाठोपाठ पाद्यच येतं; देवालाही ते सुटलेलं नाही.

पूर्वपक्ष इथवर बिनतोड आहे. अडचण अशी, की शास्त्र अर्धं घेता येत नाही. बूट काढायला लावण्यापुरता पारस्कर मान्य आणि पुढं एसीवाल्याचे पाय तांब्यानं धुवून त्याच्या हातावर मधुपर्क ठेवायची वेळ आली की अमान्य, असं चालायचं नाही. पूर्वपक्षातल्या मंडळींना एवढं समजावून सांगितलं की ती शास्त्राचा आधार सोडून विज्ञानाकडे वळतात.

विज्ञानाकडे त्यांच्या उपयोगाचा मजकूर आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ चार्ल्स गर्बा यांनी २००८ साली बुटांचे तळ तपासले. बाहेरच्या बाजूला सरासरी ४,२१,००० जंतू निघाले आणि आतल्या बाजूला २,८८७. या अभ्यासाला पैसा एका बूट कंपनीनं पुरवला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढं जाऊ. पूर्वपक्ष पहिला आकडा लाटण्यासारखा फिरवतो. आमचं लक्ष मात्र दुसऱ्यावर आहे, कारण बूट बाहेर ठेवल्यावर घरात येतो तो आतला माल. शिवाय अ‍ॅरिझोना हा वाळवंटी मुलूख. जुलै महिन्यात ठाण्याहून कळव्याला, कळव्याहून डोंबिवलीला असं सकाळपासून भिजत फिरलेल्या मेकॅनिकच्या मोज्यांची मोजदाद तिथं झालेली नाही. पावसाळ्यात बूट बाहेर काढायला लावले की फरशीवर बुटांचे ठसे उमटत नाहीत हे खरं. पण मग दारापासून स्वयंपाकघरापर्यंत पावलांचे उमटतात. गौरी आणायचा दिवस सोडला तर असे ठसे कोणी हौसेनं काढत नाही.

शास्त्र आणि विज्ञान दोन्ही थकली की विद्वानानं डोळे उघडून बघावं असा संकेत आहे. आम्ही बघितलं. काय दिसलं ते सांगतो.

विमा एजंटाचे बूट घंटी वाजण्याआधीच निघालेले असतात. आयुर्विमा महामंडळाची स्थापना १९५६ सालची, म्हणजे ही विद्या दोन-तीन पिढ्यांची आहे. बिनलेसचे बूट घ्यायचे, जिना चढतानाच टाच सैल करायची, आणि दार उघडेपर्यंत जोडी भिंतीला लावून, हात जोडून, मोज्यांवर उभं राहायचं. इंटिरियर डिझायनर टोकन मिळेपर्यंत बूट काढतो. टोकन मिळाल्यावर काढत नाही, कारण मग तुमची फरशीच काढायची असते. गाण्याचे मास्तर चपला काढतात, तो तानपुऱ्याचा मान आहे. यजमानांनी तो स्वतःकडे घेऊ नये. भटजी स्कूटरवरून येतात, हेल्मेट काढतात, चपला सगळ्यांत लांब ठेवतात, कोणी न सांगता न्हाणीघरात जाऊन पाय धुतात आणि पाटावर बसतात. अनवाणी झाल्यानं ज्याचा दरारा तसूभरही कमी होत नाही, असा या यादीतला हा एकच गृहस्थ.

आणि डॉक्टर? पूर्वीच्या फॅमिली डॉक्टरांची व्हिजिट ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल. बॅग घरातला थोरला मुलगा उचलून आणायचा. डॉक्टर बुटांसकट थेट आजारी माणसाच्या अंथरुणापाशी जायचे. अंथरूण जमिनीवर घातलेलं असलं तरी. तपासणी झाली की नवा कोरा साबण, तांब्याभर पाणी आणि घडी न मोडलेला नॅपकिन पुढं व्हायचा. हात धुण्याचं महत्त्व व्हिएन्नात सेमेलवाइसनं १८४७ साली पटवून द्यायला सुरुवात केली होती. ते आपल्याकडच्या आज्यांना पूर्ण पटलं होतं. पायांविषयी कोणी चकार शब्द काढत नसे. याच डॉक्टरांच्या दवाखान्यात मात्र पाटी असायची, अजूनही असते: ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात.’ म्हणजे आपण त्यांच्याकडे गेलो तरी आपल्या निघतात, ते आपल्याकडे आले तरी त्यांचे राहतात. ही गोष्ट कोणत्याही जंतूला समजावून सांगता येणार नाही.

या निरीक्षणांतून जो नियम हाती लागतो तो असा: पायताण निघतं ते तळाच्या घाणीप्रमाणे नव्हे, गरजेप्रमाणे. ज्याला सही हवी, ऑर्डर हवी, पाच तारे हवेत, त्याचे पाय उघडे. ज्याची आपल्याला गरज, त्याचे झाकलेले. मधल्या मधे जो अडकतो, म्हणजे त्याला आपले पैसे हवेत आणि आपल्याला त्याचं काम हवं, तिथं फी बघितली जाते. आणि फीसुद्धा समसमान निघाली तर शेवटी लेस बघतात. लेस असलेल्याला “असू द्या” पहिल्या पाठात मिळतं, अंगठेवाल्या चपलेला तिसऱ्या.

लेसचा हा नियम आपल्या आज्यांनी शोधलेला नाही. त्यावर सरकारी शिक्का आहे. १८२३ ते १८२८ या काळात गव्हर्नर जनरल असलेल्या लॉर्ड अ‍ॅमहर्स्टचा आग्रह असे, की हिंदी माणसानं आपल्यासमोर येताना जोडे काढून आदर दाखवावा. तो कोणी फारसा मनावर घेतला नाही. पुढं गव्हर्नर जनरल झालेल्या लॉर्ड डलहौसीनं मात्र ही गोष्ट कडक केली. सरकारी इमारतीत शिरताना हिंदी माणसाचे जोडे बाहेर. सूट फक्त युरोपियन पोशाखातल्याला. तुमच्या तळाला काय लागलंय याची चौकशी नाही. विलायती घाटाचा बूट असेल तर आत, देशी जोडा असेल तर बाहेर.

१८६२ साली सुरतेच्या फौजदारी अदालतीत माणेकजी कावसजी एंटी नावाचे असेसर होते. सेशन्स जज्जाच्या कोर्टात जाताना जोडे काढायला त्यांनी साफ नकार दिला. जज्ज म्हणाले, वरिष्ठांना मान देण्याची ही तुमचीच रीत आहे. एंटी हलले नाहीत. त्यांना कोर्टात येऊ दिलं नाही, तेव्हा त्यांनी थेट मुंबईच्या गव्हर्नरकडे निषेधाचं पत्र पाठवलं. त्यावरून जो वाद माजला त्यात इंग्रजांचं म्हणणं असं, की तुम्ही देवळात आणि घरात जोडे काढता, मग कोर्टात काढायला काय हरकत. हिंदी लोकांनी दिलेलं उत्तर आमच्या विषयाचा कणा आहे. घरात आम्ही जोडे काढतो ते रस्त्याची घाण येऊ नये म्हणून, कारण आम्ही जमिनीवर बसतो; आणि दुसरं, चामडं आम्ही विटाळाचं मानतो म्हणून. कोर्ट म्हणजे घर नव्हे. तिथं आम्ही जेवायला बसत नाही.

कामासाठी दुसऱ्याच्या वास्तूत गेलेल्या माणसानं पायातलं काढावं की नाही यावर आपल्याकडे झालेला हा सर्वांत गाजलेला झगडा. जोडे घालून कोर्टात जायला मोकळीक मिळायला पुढं बरीच वर्षं जावी लागली. (सुरतेच्या पाण्यात काही असावं. २७ डिसेंबर १९०७ ला तिथंच भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात एक अणकुचीदार, मराठी वळणाचा लाल चामडी जोडा मंचाच्या दिशेनं आला, सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागला आणि तसाच पुढं सर फिरोजशहा मेहतांवर आदळला. काढलेला जोडा कुठं ठेवावा या प्रश्नाला इतकं निर्णायक उत्तर कोणी दिलेलं नाही. पण तो या प्रबंधाचा विषय नव्हे.)

डलहौसी १८५६ साली परत गेला. त्याचा नियम मात्र आमच्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत येऊन राहिला आहे. कोर्टातून निघाला, कचेरीतून निघाला आणि घरात शिरला. सूटबूटवाल्या सल्लागाराला सोफा, चप्पलवाल्या प्लंबरला पायपुसणं. १८६२ च्या युक्तिवादातला पहिला मुद्दा, म्हणजे जमिनीवर बसणं, केव्हाच गेला; आता टेबलावर जेवतो, सोफ्यावर बसतो, आणि जमिनीवर फक्त तो प्लंबरच बसतो. सिंकखाली.

दुसरा मुद्दा, विटाळाचा, आता कोणी मोठ्यानं काढत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या शिवली, त्यांना कित्येक गावांत वरच्या आळीतून जाताना ती पायात घालायची चोरी होती. काढून हातात घ्यावी लागे. त्यामुळे “चप्पल बाहेर काढ” हे वाक्य उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना सारखं ऐकू येत नाही. बोलणारा फरशीबद्दल बोलत असतो. ऐकणाऱ्याला आपले आजोबा आठवू शकतात. फरशीवाल्यानं एवढं ध्यानात ठेवायला फार विद्वत्ता लागत नाही.

उत्तरपक्षाला अजून वाव दिलेला नाही, तो देतो. उत्तरपक्ष म्हणतो, काही पायांत बूट हे हत्यार असतं, कपडा नव्हे. गिझरला हात लावला की झटका बसतो म्हणून वायरमनला बोलवायचं, आणि त्याला २३० व्होल्टच्या जोडणीसमोर ओल्या न्हाणीघरात अनवाणी उभं करायचं, हा आतिथ्याचा कोणता प्रकार? घरात चांगला आरसीसीबी असेल तर ३० मिलिअँपिअरच्या गळतीला तो सर्किट तोडतो. पण तो नीट असता तर गिझरनं झटका कशाला दिला असता. कोरड्या रबरी तळाचा बूट आणि ओली फरशी यांच्यामधल्या त्या बोटभर थराची किंमत यजमानांच्या व्हिट्रिफाइड टाइलपेक्षा निश्चित जास्त आहे. वायरमनही काही कमी नाहीत. बरेच जण दारात सँडल काढतात आणि आत गेल्यावर “एक प्लास्टिकची खुर्ची द्या” म्हणतात. शास्त्र त्यांनी स्वतःपुरतं सोडवलेलं आहे.

गॅसवाल्याची कथा आणखी वेगळी. सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, वर लोखंडाचं वजन. मिळून तीस किलोच्या आसपास ऐवज खांद्यावर घेऊन माणूस लिफ्ट बंद असलेल्या इमारतीचे चार मजले चढून येतो. दारात तो थांबत नाही, वाकत नाही, विचारत नाही. चालता चालता पायाच्या एका झटक्यात उजवी चप्पल डावीकडे आणि डावी उजवीकडे उडते, आणि तो आत. जाताना त्या दोन्ही चपला त्याला न बघता सापडतात. हे कौशल्य पाहिल्यावर त्याच्या बाबतीत काही निर्णय देण्याचा आमचा अधिकार संपतो. फक्त एवढंच वाटतं, की पायाच्या बोटांवर तीस किलो पडण्याची शक्यता ज्याच्या धंद्यात रोज असते, त्यानं खरं तर आपल्या सगळ्यांपेक्षा भक्कम बूट घालायला हवेत आणि ते काढायला कोणी सांगू नये.

मध्यममार्ग म्हणून अलीकडे निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आहेत. बुटांवरून चढवायच्या, वर इलॅस्टिक. मोबाइलवरून बोलावलेले मेकॅनिक त्या बॅगेतूनच काढतात, दारात चढवतात आणि यजमान भारावून जातात. मग मेकॅनिकला आठवतं की मोठा पाना खाली गाडीत राहिला. तो त्याच पिशव्यांनिशी खाली उतरतो, पार्किंगमधून, कचऱ्याच्या डब्यांवरून, चिखलातून जातो, पाना घेतो आणि त्याच पिशव्यांनिशी वर येऊन बेडरूममध्ये शिरतो. यजमान अजून भारावलेलेच असतात. आमच्या अभ्यासात आलेला हा शुद्धीचा सर्वांत निखळ प्रकार आहे, कारण यात घाणीचा संबंध कुठंच येत नाही.

एवढा खल झाल्यावर निर्णय द्यायला हरकत नाही. ज्यांना घरात बूट चालत नाहीत त्यांनी ते फोनवर बोलावतानाच सांगावं, नजरेनं सांगू नये. नजरेला पावती नसते. काढायला लावायचे असतील तर दारात स्टूल ठेवावं, बूट ठेवायला अशी जागा द्यावी जिथं सोसायटीचा कुत्रा पोचत नाही, आणि आत पाय टेकवायला कोरडं पायपुसणं द्यावं. विजेचं काम, जड ओझं, फुटलेली काच, घोड्यावर चढून करायचं काम, तुंबलेली मोरी, या पाच ठिकाणी पायातलं पायातच राहावं; फरशीची एवढी काळजी असेल तर रविवारची पुरवणी पसरावी, तिचा तेवढा तरी उपयोग होतो. डॉक्टर आणि प्लंबर यांना नियम एकच. डॉक्टर बुटांसकट आत आले असतील तर त्या दिवशी प्लंबरही येईल. प्लंबरच्या चपला बाहेर निघाल्या असतील तर डॉक्टरांनाही तेच स्टूल दाखवावं. हे ज्यांच्या जिवावर येतं त्यांनी जंतूंची नावं घेणं सोडून द्यावं. आणि मोलकरणीची चप्पल शू-रॅकमध्ये. वरच्या कप्प्यात. यावर शंकासमाधान नाही.

राहता राहिला एक उपप्रश्न, ज्याला कोणत्याच सिंधूत आधार सापडत नाही. काम झालं, पैसे मिळाले, माणूस बाहेर आला. एका पायावर उभं राहून त्यानं मोजे चढवले, बूट घातले, दोन्ही लेस बांधल्या, बॅग खांद्याला लावली, लिफ्टचं बटण दाबलं. इतक्यात मागून हाक आली: “अहो दादा, आलाच आहात तर बेडरूमचा पंखाही जरा बघता का? काही झालेलं नाही, नुसता आवाज करतो.”

आमचा निर्णय असा. लेसला गाठ बसली की पहिली व्हिजिट समाप्त झाली. पुन्हा बूट काढायला लावले तर दुसरी व्हिजिट धरावी आणि तिचा चार्ज वेगळा घ्यावा. लिफ्ट येऊन दार उघडलेलं असल्यास दीडपट. यावर यजमान “तेवढ्यात काय होतंय” म्हणाले, तर पंखा वाजू द्यावा.